दुसऱ्या मनोऱ्यातून

१

धुळ्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीकडे धरून बराच वेळ न्याहाळला आणि मग टेबलावर ठेवत म्हणाले, "लीलाधरभाऊ, छाती साफ आहे. गोळ्या बंद. घरी जा, नीट जेवा, शेतावर लागा. खोकला राहील थोडे दिवस. त्याला घाबरायचं नाही."

कुंदाने पदर तोंडाशी धरला. ज्या वाक्यासाठी वर्षभर उपास केले, ते इतक्या सहज कानावर पडेल असं तिला वाटलं नव्हतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. लीलाधरने मान डोलवली, फोटो पाकिटात सरकवला आणि विचारलं, "जळगावची गाडी कव्हा हाय?"

बस्स, एवढंच.

यावलजवळच्या एका गावात लीलाधरची केळीची बाग होती. आजारापूर्वीचा लीलाधर म्हणजे अंगाने भरलेला, तोंडाने चालू गडी. केळीचा घड खांद्यावर टाकून बांधावरून गात यायचा. बायकोला चारचौघांत "सरकार" म्हणायचा. "सरकार, चहाचा हुकूम व्हावा." सासू डोळे वटारायची, कुंदा लाजून चुलीकडे वळायची, पण एखाद्या दिवशी ते ऐकायला मिळालं नाही तर तिला चुकल्यासारखं व्हायचं. मग क्षय निघाला. बरेच महिने दवाखान्यात काढून जो माणूस घरी आला, त्याचं मनगट कुंदाच्या मनगटाएवढं झालं होतं. तो ओसरीवर बसे, खोके, पाणी मागे आणि विचारलं तेवढ्याचंच उत्तर देई.

कुंदाने सेवेत काही कमी केलं नाही. पण भाकरी वाढताना कधी त्याच्या वाकलेल्या मानेकडे बघून तिच्या मनात येई, की दवाखान्याने आपला नवरा ठेवून घेतला आणि दुसराच कोणी परत पाठवला. आलेल्या विचाराची तिची तिलाच लाज वाटे. मग ती त्या भाकरीवर तूप जरा जास्तच घाली.

गाडीने पारोळं मागे टाकलं तेव्हा ती म्हणाली, "तामखेडं याच वाटेवर ना? मनोरे दाखवतो म्हणत व्हते तुम्ही."

लहानपणी शाळेच्या सहलीत लीलाधरने ते पाहिले होते. जुन्या सुलतानांच्या काळातली मशीद, तिचे दोन मनोरे. एक हलवला की दुसरा आपोआप हलतो. लग्न झाल्यापासून तो सांगत आला होता, एकदा तुला नेतो म्हणून.

"आता कशाले?" लीलाधर म्हणाला.

"आता नही तर कव्हा? डॉक्टरनं मोकळं केलं ना."

"तुले पाहाचं असंन तर चाल."

त्याच्या आवाजात ना हौस होती, ना कंटाळा. एरंडोलला उतरून त्यांनी तामखेड्याची छोटी एस्टी धरली.

२

गिरणेच्या काठचं तामखेडं दुपारच्या उन्हात निजल्यासारखं पडलं होतं. सत्त्याऐंशी सालातला पौष होता. उन्हात ऊब होती, सावलीत मात्र अंगावर काटा येत होता. गल्ल्या स्वच्छ झाडलेल्या, दारं लोटलेली, रस्त्यावर एक कुत्रंसुद्धा नाही. बायामाणसं कापूस वेचायला गेली असतील, कुंदाने मनाशी म्हटलं.

कंडक्टरने दोरी ओढली, घंटी वाजली, गाडी वळून धुरळ्यात दिसेनाशी झाली. सगळं शांत झालं. आणि मग घरांच्या पलीकडून पुन्हा तशीच घंटी वाजली.

"दुसरी गाडी हाय का हो?" तिने विचारलं.

लीलाधरने त्या बाजूला पाहिलं. घरांच्या माथ्यावरून दोन काळसर मनोरे दिसत होते. "तिकडे रस्ताच नही," तो म्हणाला.

घुमलं असेल. जुन्या दगडी भिंती असल्या की घुमतंच. स्टँडसमोर एक चहाचं दुकान उघडं होतं, तिथे दोघं बाकड्यावर टेकले. दुकानदाराने पाण्याचे पेले फळीवर आपटले. जरा वेळाने तसेच पेले पलीकडे कुठेतरी आपटले. दुकानदाराने मानही वर केली नाही. त्याला रोजचंच असावं.

"साखर कमी टाक, दादा," कुंदा म्हणाली आणि मुद्दाम कान देऊन बसली. थोड्या वेळाने मनोऱ्यांकडून बारीक आवाजात आलं, "...कमी टाक, दादा." तिला गंमत वाटली. लहान असताना विहिरीत वाकून ती असाच आवाज टाकायची.

तेवढ्यात लीलाधरला उबळ आली. तो गुडघ्यांवर वाकून खोकत राहिला. खोकला लांबला आणि नेहमीसारखा शेवटी उचकीसारखा अडकून थांबला. या खोकल्याने तिच्या कितीतरी रात्री खाल्ल्या होत्या. त्याची पाठ चोळता चोळता ती नकळत वाट बघत राहिली.

पलीकडून काही आलं नाही.

वारा फिरला असेल, तिने स्वतःला सांगितलं. पण तितक्यात दुकानदाराने पेले खंगाळून पाणी रस्त्यावर फेकलं, आणि ते पाणी मनोऱ्यांकडेही सपकन पडलं.

३

मशीद लहानशी होती. पुढे फरसबंद अंगण, मध्ये कोरडा हौद, समोर कमान. कमानीच्या दोन्ही टोकांना ते दोन मनोरे उभे होते आणि कमानीच्या माथ्यावरची भिंत एका मनोऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत गेलेली होती. देखरेख इस्माईल पिंजारी नावाचा म्हातारा करीत असे. शेजारीच त्याचं कापूस पिंजायचं दुकान होतं. दाढीत कापसाचे तंतू घेऊनच तो बाहेर आला.

"या, बहिन. या, भाऊ," तो म्हणाला. "मनोरा देखाले ऊनात ना? चपला आठेच ठेवा. नमाज शुक्रवारनी ऱ्हास, आज कोनी नही."

"वर जाता येतं?" कुंदाने विचारलं.

"डावामा जा खुशाल. वर खांब शे, तो धरीसन जोरमा हालावा, उजवा हालस का नही देखा. उजवामा मात्र कोनी जात नही. दार लावेल शे."

उजव्या मनोऱ्याचं ठेंगणं दार बंद होतं, कडी घातलेली होती. कुंदाने ते सहज पाहिलं.

"तुम्ही येता?" तिने नवऱ्याला विचारलं.

लीलाधरने डाव्या दारातून आत डोकावून चढाव पाहिला. "मले नही जमनार. तू ये पाहून." तो हौदाच्या काठावर जाऊन बसला आणि फोटोची पिशवी त्याने मांडीवर घेतली. ज्याने हे सांगून सांगून तिचे कान किटवले होते, तोच माणूस पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत जमिनीकडे पाहत होता. कुंदाला एकदम भरून आलं. ती पदर खोचून आत शिरली.

तेवढ्यात दुकानातून इस्माईलला कोणी हाक मारली. "ऊनू," अशी ओ देत तो बाहेर गेल्याचं तिला वळणावरून ऐकू आलं.

४

जिना अरुंद होता, दोन्ही खांदे भिंतीला लागत होते. वटवाघळांचा वास येत होता. बऱ्याच वर आल्यावर एका बाजूला लहानसं दार लागलं. ते कमानीच्या भिंतीवर उघडत होतं. तिथून वाकून पाहिलं तर बरोबर समोर उजव्या मनोऱ्याचं तसंच दार दिसत होतं, आत काळोख. ती पुढे चढून वरच्या खोलीत आली.

चारी बाजूंनी ऊन आणि वारा. खाली तामखेड्याच्या घरांची सपाट धाबी, पलीकडे गिरणेचं पात्र, पांढरे झालेले कापसाचे मळे. तिने मधला दगडी खांब दोन्ही हातांनी धरला आणि अंगाचा जोर लावून ढकलला, ओढला, पुन्हा ढकलला. आधी काहीच झालं नाही. मग तळव्यांखाली काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं, आणि समोर, निळ्या आभाळावर, उजव्या मनोऱ्याचा कळस सावकाश डोलला. त्याच्या खबदाडातून पोपट ओरडत उडाले.

कुंदा मोठ्याने हसली. किती दिवसांनी हसली कोण जाणे.

"अहो, पाह्यलं का?" कळस थांबेपर्यंत बघून झाल्यावर तिने खाली वाकून विचारलं.

हौदाच्या काठावर नुसती पिशवी होती. लीलाधर नव्हता. उजव्या मनोऱ्याचं दार उघडं होतं.

म्हाताऱ्याने नको म्हटलेलं असताना हे तिकडे चढायला गेले. तिला काळजी वाटली, पण काळजीच्या खालून आनंद वर आला. नको म्हटलं की तेच करायचं, हा त्याचा जुना स्वभाव. वर्षभरात पहिल्यांदा त्याने काहीतरी मनाने केलं होतं.

तिने खांबावरून हात काढलेले होते. तरी तिच्या पायाखालची फरशी हलली. एकदा, मग पुन्हा एकदा.

"सरकार, आता आमची पाळी," समोरून आवाज आला.

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. तोच भरदार आवाज, वाक्याच्या शेवटी हसू दाबलेलं.

"तुम्ही चढले? इतक्या लवकर?" ती म्हणाली. "दम नही लागला?"

"अठी दम लागत नही. तू ये ना इकडे. त्या मधल्या दारातून ये, भिंत रुंद हाय."

"मी पडन ना."

"मी हाय ना धराले."

ती भराभर उतरून मधल्या दाराशी आली. समोरच्या दाराच्या काळोखात तो उभा असावा. चेहरा दिसत नव्हता, पण चौकटीवर टेकलेला हात दिसत होता. सदऱ्याची बाही कोपरापर्यंत दुमडलेली, केसाळ, जाडजूड मनगट. तिच्या ओळखीचा हात. तिने लुगड्याचा काठ वर घेतला, डाव्या हाताने चौकट धरली आणि भिंतीवर पाऊल ठेवलं. भिंत वीतभर रुंद होती. पावलाखालचा चुना भुगा होऊन खाली सांडला.

"शाबास," तो म्हणाला. "चौकट सोड आता."

तेव्हा खालून खोकला आला.

लांब, खोल खोकला, आणि शेवटी उचकीसारखा अडकलेला. समोरच्या मनोऱ्याच्या बुडातून, दाराच्या आतून येत होता.

"ये, सरकार. खाली पाहू नको."

खोकला चालूच होता, आणि तो चालू असतानाच वरचा आवाज बोलत होता. घुमतंय, तिने मनाला बजावलं. या गावात सगळंच घुमतं. घंटी घुमते, पेले घुमतात, फेकलेलं पाणी घुमतं. पण खोकला घुमत नाही. चहाच्या दुकानापाशी तो एकदाच झाला होता आणि आताही एकाच जागी होत होता, खाली, त्या दारात. तिने समोरच्या हाताकडे नीट पाहिलं. तसा हात आता कोणाकडेच उरलेला नव्हता. दवाखान्यातून आलेल्या माणसाला ती रोज आंघोळीला पाणी काढून देत होती, त्याचा हात तिला ठाऊक होता.

तिने पाऊल मागे घेतलं.

चौकटीवरची बोटं एकेक करून उचलली आणि टेकली, भरपूर वेळ असलेल्या माणसाने वाजवावीत तशी. मग तो हात सावकाश काळोखात मागे गेला. मनोऱ्यात कोणी उतरल्याचा आवाज आला नाही.

५

कुंदा वळून खाली निघाली. उतरताना जिना जास्तच काळोखा वाटत होता. एका हाताने भिंत चाचपत, दुसऱ्या हाताने लुगडं सावरत ती पायऱ्या उतरत होती. भिंतीच्या आतून, अगदी कानाशी, कोणी हळू बोललं, "साखर कमी टाक, दादा."

तो तिचाच आवाज होता.

ती थांबली नाही. पाय घसरला, कोपर खरचटलं, तरी थांबली नाही. पुढच्या वळणावर तोच आवाज हसला. मघाशी वर ती हसली होती तसाच, खळखळून. मग म्हणाला, "या ना वर." ते तिला उद्देशून नव्हतं. ते दुसऱ्या कोणाला तरी होतं, हे तिच्या ध्यानात आलं. उरलेल्या पायऱ्या ती कशी उतरली ते तिला पुढे कधी आठवलं नाही.

अंगण ओलांडून ती उजव्या दाराशी पोहोचली तेव्हा इस्माईल आत वाकला होता. त्याने लीलाधरच्या दंडाला धरलं होतं. लीलाधर आतल्या एका पायरीवर बसून छातीवर हात ठेवून धापा टाकत होता.

"भाऊ, उठा. बाहेर चाला," इस्माईल म्हणत होता. आवाज चढवलेला नव्हता, पण पकड घट्ट होती. "पुढना वळनले पायऱ्याच नहीत. बठ्ठ्या पडी ग्यात. खालपावत पोकळ शे."

लीलाधरने कुंदाला दारात पाहिलं आणि तो बघतच राहिला. "तू अठी कशी?" तो म्हणाला. "तू तर वर हाय."

"मी डाव्या मनोऱ्यात व्हती."

"मग मले कोनं बोलावलं?"

कुंदाने त्याचा दुसरा दंड धरला. दोघांनी मिळून त्याला उन्हात आणलं, आणि कुंदाने हौदावरची पिशवी उचलून काखेत मारली. इस्माईलने दार ओढून घेतलं, कडी घातली, कडीकडे क्षणभर पाहिलं. "मी लायेल व्हती," तो स्वतःशीच पुटपुटला. मग हौदाशेजारचा दगड दोन्ही हातांनी लोटत आणून त्याने दाराला लावला.

"कोन रहास तठे, आबा?" कुंदाने त्याच्याच बोलीत विचारायचा प्रयत्न केला.

म्हाताऱ्याने दाढीतला कापूस झटकला. "पानी पिवा," तो म्हणाला. "आनि जी गाडी येस, ती सोडू नका."

६

परतीच्या गाडीत शाळेतून सुटलेली पोरं आणि शेतावरून आलेली माणसं होती, एका बाईच्या मांडीवर कोंबडी होती, मागे दोघं जण सरकीच्या भावावरून भांडत होते. तो गलका कुंदाला इतका बरा वाटला की तिने डोळे मिटून घेतले.

गाडी गावाबाहेर पडल्यावर लीलाधर बोलू लागला.

"मी हौदावर बसेल व्हतो. तू हसली. मी वर पाह्यलं तर तू दिसली नही, पन आवाज उजव्यातून आला. म्हने, या ना वर, अठी दम लागत नही. कडी उघडीच व्हती, का मी उघडली, ते आता ध्यानात नही."

"मग?"

"मग काय, निघालो. तू पह्यल्यासारखी हसत व्हती ना. वर्षभर मी तुले हसताना पाह्यलं नही. रोज तुह्या तोंडाकडे पाहून वाटे, हे आपल्याले कटाळली, पन बोलत नही. म्हनून मीच गप ऱ्हायलो. अन् अठी एकदम तसं हसनं ऐकलं. थोडा चढलो, तर छाती भरून आली. खाली बसाच लागलं." त्याने मान हलवली. "बसलो नसतो तर त्या वळनावर गेलोच असतो."

कुंदाने त्याच्याकडे पाहिलं. गालांची हाडं वर आलेली, मानेची शीर उडत असलेली, ओठ कोरडे. त्या चेहऱ्यात ती वर्षभर दुसऱ्या कोणाला तरी शोधत बसली होती, आणि हा इकडे तिच्या तोंडाकडे बघून गप्प राहायला शिकला होता.

"मलेही बोलावलं," ती म्हणाली. "तुमच्या आवाजात. मी भिंतीवर पाय ठेवला व्हता."

त्याने तिचं खरचटलेलं कोपर पाहिलं, खिशातून रुमाल काढला, थुंकी लावून धूळ पुसली आणि रुमाल तसाच तिथे दाबून धरला. भर गाडीत, सगळ्यांसमोर. एरंडोल येईपर्यंत त्याने हात काढला नाही.

"घरी सांगाचं?" त्याने विचारलं.

"नको. जीवरामभाऊजी उद्याच तिकडे पाहाले निघतीन." जीवराम हा त्याचा धाकटा भाऊ, असल्या गोष्टींचा भारी शौकीन.

"हे खरं," लीलाधर म्हणाला आणि हसला. बारीक, खरखरीत हसू, मध्येच अडकणारं. कुंदाने ते याआधी कधी ऐकलं नव्हतं. तिलाही हसू आलं, आणि मग ते थांबेना. कोंबडीवाली बाई वळून बघू लागली.

जळगावच्या स्टँडवर उतरले तेव्हा दिवे लागले होते. यावलच्या गाडीला अवकाश होता. रस्त्याकडेला एक बाई भरताची हिरवी वांगी मांडून बसली होती. लीलाधर तिच्यापुढे उकिडवा बसला. एकेक वांगं उचलून त्याने बोटाने वाजवलं, देठ पाहिलं, वजन जोखलं.

"ह्यात बिया हायेत," तो म्हणाला.

"एक बी नही, भाऊ. सकाळी तोडेल हायेत."

"मले नको सांगू. मी काय शहरातला हाये?"

दोघांची चांगलीच जुंपली. डॉक्टरने तिखट बेताने खा म्हटलं होतं, हे कुंदाला आठवलं. तरी शेजारच्या पाटीतल्या हिरव्या मिरच्या तिने ओंजळभर घेतल्या, पिशवीचं तोंड उघडलं आणि त्याच्या मागे उभी राहून तो वांगी टाकायची वाट पाहू लागली.